पाव मायक्रॉनचा हिशेब

डॉक्टरांनी प्रश्न भाचीला विचारला होता. "चष्मा का काढायचा आहे तुला?" डॉक्टर धारवाडकडचे, मराठी सावकाश पण नेमकं बोलणारे. विचारून ते पेन हातात धरून थांबले. भाचीनं ओठ उघडले, आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून तिची आई, माझी अक्का, बोलली, "स्थळं बघालोय की आता. चष्मा बघून माणसं नको म्हणून जातात." भाचीचे ओठ मिटले. डॉक्टर थोडा वेळ तिच्याकडेच बघत राहिले. ती गप्प राहिली तेव्हा त्यांनी तिला यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला सांगितलं आणि तपासणी पुढं सुरू झाली. घडलं ते एवढंच. मी तिथं मावशी म्हणून होते, आणि माझ्या डोळ्यांचं लेसर बऱ्याच वर्षांपूर्वी झालंय म्हणूनही. पण ती काय बोलणार होती, हा प्रश्न मला सोडेना. अक्काला दोष द्यावा असंही वाटत नव्हतं. बेळगावजवळच्या उचगावात लग्नाच्या मुलीची आई होऊन राहणं सोपं नाही, आणि या तपासणीसाठी तिनं रताळी विकून आलेले पैसे कुणाला न सांगता बाजूला काढले होते. प्रेमानंच बोलली ती. तरीही त्या खोलीत डोळे एकाचे होते आणि उत्तर दुसऱ्याचं.

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यावर तासन्‌तास जवळचं दिसत नाही. भाचीला मोबाइलवरची अक्षरं लागेनात, खिडकीचा उजेड सोसेना. अक्का खाली औषधांच्या दुकानात गेली होती. एरवी मोबाइलमध्ये बुडून असणारी ही पोरगी ओढणी डोळ्यांवर घेऊन माझ्या खांद्याला टेकली आणि आपणहून बोलायला लागली. डिप्लोमा करून ती बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लागली आहे, तयार झालेले भाग मोजून पास किंवा नापास करायचं काम. तिथं चष्म्यावर सेफ्टी गॉगल चढवावा लागतो. काचेवर काच. घामानं दोन्हींच्या मध्ये वाफ धरते, मायक्रोमीटरची रेघ दिसत नाही, गॉगल काढावा तर सुपरवायझर ओरडतो आणि त्याचं ओरडणं बरोबरच असतं. "आणि पाऊस गे मावशी. जून ते सप्टेंबर उचगाव ते उद्यमबाग स्कूटीवर. हेल्मेटची काच खाली घेतली तर धुकं, वर केली तर चष्म्यावर पाणी. समोरनं ट्रक येतो तेव्हा मी अंदाजानं चालवतो." तिकडच्या बायका 'चालवतो'च म्हणतात, ती भाषा शहरात येऊनही तिनं सोडलेली नाही. मी विचारलं, मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस? म्हणाली, "आईनं सांगितलं की. परत आपण काय सांगायचं."

पावसाचं मला सांगायची गरज नव्हती. खानापुराकडचा, आमच्या पश्चिम भागातला पाऊस ज्यानं चष्म्यातून काढलाय, त्याला ओल्या ओढणीच्या टोकानं काच पुसली की ती आणखी फरकटते हे पाठ असतं. माझ्या लहानपणी शाळेच्या वाटेवर ओढ्याच्या फरशीवर उतरताना पाणी किती वर आलंय ते मला कळत नसे, मी पुढच्या मुलींच्या पोटऱ्यांकडे बघून पाऊल टाकायची. रात्री उठलं तर आधी उशाशी हात फिरवायचा, मग उभं राहायचं. हे कुणाला दुःख म्हणून सांगावं असं नव्हतं. जगण्याचा तो एक भागच होता, दार बंद करताना कडी लावावी तसा.

माझं लेसर हुबळीला झालं. तेव्हा बेळगावातून त्यासाठी हुबळी, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठायचं असंच बहुतेक जण करत. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची, म्हणजे कॉर्नियाची, पातळ चकती बारीक पात्यानं बाजूला उलटायची, खालच्या थराला लेसरनं आकार द्यायचा आणि चकती परत बसवायची, ही लॅसिकची पद्धत. आता ती चकती बहुतेक ठिकाणी पात्याऐवजी दुसऱ्या लेसरनं कापतात. मला सगळे विचारायचे, दुखलं का? दुखलं नाही. थेंबांनी डोळा बधिर होतो. पण पापण्या उघड्या ठेवणारी तारेची कडी बसते, डोळ्यावर एक रिंग दाबली जाते आणि त्या दाबानं त्या डोळ्याचं दिसणं काही सेकंद पूर्ण बंद होतं. डोळा उघडा आहे, आपण जागे आहोत, आणि काळोख. हे कुणी आधी सांगितलेलं असेल तर माणूस तो काळोख मोजत पडून राहतो. सांगितलेलं नसेल तर घाबरून मान हलवतो. मला तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं होतं, आणि हातही धरला होता. मग वर लुकलुकणारा ठिपका, टकटकटक असा आवाज, आणि केस जळल्यासारखा वास. तो वास माझा आहे हे लक्षात आलं तेव्हा पोटात कसंतरी झालं. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू घातल्यासारखं टोचत राहिलं, पाणी वाहत राहिलं. रात्री धारवाडला नणंदेकडे झोपले. पहाटे जाग आली आणि छताच्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. मी उशाशी हात फिरवला होता, सवयीनं, आणि हात तिथंच ठेवून त्या धुळीकडे बघत राहिले.

माझ्याकडून हे सगळं ऐकूनच भाचीच्या मनात लेसर बसलं असणार. पण माझा डोळा तो माझा.

भाचीच्या कॉर्नियाचा नकाशा काढला. निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांचं ते वर्तुळ डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. नकाशा सरळ होता, वाकडा फुगवटा कुठं नव्हता. फुगवटा निघाला असता तर प्रकरण तिथंच संपलं असतं. कॉर्निया पुढं शंकूसारखा यायला लागलेल्या डोळ्यावर लेसर केलं तर तो आणखी ढासळतो, म्हणून चांगला डॉक्टर अशा वेळी पैसे नाकारतो आणि रुग्णाला परत पाठवतो. गणपत गल्लीतल्या दुकानाची चष्म्याची जुनी चिठ्ठी अक्कानं जपून आणली होती. ती बघून नंबर वर्षभरात हललेला नाही याची त्यांनी खात्री केली. मग कॉर्नियाची जाडी सांगितली: 488 मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सर्वसाधारण डोळ्याची 540 च्या आसपास असते. अक्काला आकडा कळला नाही, मलाही पूर्वी कळला नव्हता. पण भाची सरळ होऊन बसली. मायक्रॉन ही तिच्या रोजच्या जेवणाच्या डब्याइतकी ओळखीची गोष्ट. "म्हणजे अर्धा एमएम पण नाही," ती म्हणाली. "त्यातलं किती काढणार?"

डॉक्टरही खुलले. तिचा नंबर उणे साडेपाच. एका नंबरामागं साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात, म्हणजे हिचे पंचाहत्तरच्या घरात, माणसाच्या केसाच्या जाडीएवढे. लॅसिकमध्ये वरची चकती 110 ची धरली तर खाली उरतात 303. चकती परत बसवली तरी डोळ्याला ताकद देणारा भाग म्हणून ती धरायची नसते. खाली किमान 250 तरी उरलेच पाहिजेत, आणि ते स्वतः 300 च्या जवळ गेलं की थांबतात. भाची म्हणाली, "टॉलरन्सच्या कडेला जॉब पास करायचा नाही, असंच आम्हाला पण सांगतात." टॉलरन्स म्हणजे मापात चालेल एवढा फरक, जॉब म्हणजे तयार झालेला भाग. ते हसले आणि म्हणाले, म्हणून तुझं चकती न कापता पृष्ठभागावरूनच करूया, पीआरके. जुनी पद्धत, जास्त दुखतं, नजर यायला वेळ लागतो, पण तुझ्या डोळ्यात माल जास्त शिल्लक राहील. लेसरच्या एका ठोक्याला किती निघतं, हे तिनं विचारलं. सुमारे पाव मायक्रॉन. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मला हळूच म्हणाली, "पाव मायक्रॉन, मावशी. आमच्या ग्राइंडिंगला हे स्वप्नात पण जमायचं नाही."

या पाव मायक्रॉनची गोष्ट मी तिला त्या रात्री सांगितली. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे मद्रास विद्यापीठात शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. ते, जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम हे तिघं एक्सायमर लेसरवर काम करत होते, 193 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. नोव्हेंबर 1981 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी श्रीनिवासन घरच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि त्यावर हा लेसर मारला. कापलेली कडा स्वच्छ निघाली, शेजारचा भाग भाजला नाही. हा प्रकाश शिजवत नाही, रेणूंमधले बंध तोडतो. तो केस जळल्यासारखा वास जळण्याचा नसतो, तुटून उडालेल्या कणांचा असतो, हे मला हुबळीच्या टेबलावर माहीत असतं तर पोटातलं ते कसंतरी झालं नसतं. 1983 मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञानं श्रीनिवासन यांच्याबरोबर हाच लेसर जनावराच्या डोळ्यावर वापरून दाखवला, आणि त्याच दशकाच्या अखेरीला तो माणसांपर्यंत पोचला. भाचीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, उरलेलं मांस कुणी ऑफिसात कसं काय नेलं असेल? मलाही तीच गोष्ट सगळ्यात आवडते. तपासून बघण्याची इतकी ओढ, की सणाच्या ताटातलं उचलून न्यावं.

पण तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेलं एक वाक्य मला माझ्या वेळी कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. लेसरनं नंबर जातो, उणे नंबराच्या डोळ्याची घडण बदलत नाही. असा डोळा बहुतेक वेळा मागून लांब असतो, आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला असतो. लेसर पुढच्या काचेला आकार देतं, मागची लांबी तशीच राहते. म्हणून पडद्याला भोक पडण्याचा, तो सुटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही तेवढाच. अचानक काळे ठिपके वाढले, कडेला विजेसारखं चमकलं, एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, आणि काही झालं नाही तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा. अक्का हे ऐकून गोंधळली. "मग बरं काय होणार वो, डॉक्टर?" त्यांनी शांतपणे सांगितलं, लांबचं चष्म्याशिवाय दिसेल. एवढंच. पोरांना नंबर येणार असेल तर तो येणारच. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागेल, सगळ्यांना लागतो. मला वाटतं लेसरच्या जाहिरातींवर गॉगल घातलेल्या हसऱ्या मुलींच्या जागी हे एवढंच मोठ्या अक्षरांत लिहावं. ज्याला हे ऐकूनही करावंसं वाटेल त्यानं खुशाल करावं. तो पस्तावणार नाही.

निघताना जिन्यात भाचीनं अक्काला सांगितलं, गॉगलचं, पावसाचं, अंदाजानं चालवायच्या स्कूटीचं. अक्का एका पायरीवर थांबली. "हे मला कधी बोलली नाहीस." "तू विचारलं नाहीस की." आवाजात राग नव्हता. पुढं रिक्षात दोघी काही बोलल्या नाहीत, पण गोगटे सर्कलपाशी रिक्षा थांबली तेव्हा अक्कानं तिचा हात धरलेला मी पाहिला.

विम्यात हे बसत नाही. साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीच्या बाहेरच असते. रताळ्याचे पैसे, भाचीची शिल्लक, थोडे माझे. संमतीचा कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता. भाची कन्नड नीट वाचते, तिनं एकेक कलम अक्काला मराठीत सांगितलं, संसर्गाचं, डाग राहण्याचं, नंबर थोडा उरण्याचंही. मग सही केली. सही करताना अक्काकडे पाहिलं नाही.

पीआरकेत कॉर्नियावरची नाजूक साल आधी पातळ अल्कोहोलनं सैल करून बाजूला करतात, मग लेसर, मग जखमेवर पट्टी म्हणून साधी बिननंबरी कॉन्टॅक्ट लेन्स. साल परत धरायला तीन ते पाच दिवस. माझ्या लॅसिकसारखी दुसऱ्या पहाटे धूळ दिसणार नाही, हे तिला सांगितलेलंच होतं. तरी पहिली रात्र फार वाईट गेली. गोळ्या घेऊनही ती भिंतीकडे तोंड करून कण्हत होती, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. खिडक्यांना वाकळ लावली, दाराच्या फटीत पोतं घातलं, तरी कुठूनसा उजेड येतो म्हणायची. चुलीचा धूर नको म्हणून अक्कानं पाणी तापवायची चूल गोठ्याकडे नेली. म्हातारी आत्या रोज दारातून विचारायची, डोळ्यात दूध घालूया काय, मध घालूया काय, आणि अक्का रोज तिला मागं फिरवायची. मी अक्काकडे बघत होते. ती थेंबांच्या बाटल्या ओळीनं मांडून बसलेली, घड्याळ बघून घालायची, एका औषधानंतर दुसऱ्याला पाच मिनिटं सोडायची, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायची नाही. इतक्या काटेकोरपणे औषध घालताना मी दवाखान्यातही कुणाला पाहिलं नाही. चौथ्या दिवशी दुखणं ओसरलं. लेन्स काढल्यावरही सगळं धूसर होतं. एक दिवस बरं, दुसऱ्या दिवशी परत धुकं. पीआरकेत हे आठवडे चालतं, कधी दोन-तीन महिने, आणि त्या काळात माणूस फसलो म्हणायला लागतो. भाची म्हणाली नाही, पण रोज सकाळी दारात उभी राहून समोरच्या डेअरीची पाटी वाचून बघायची.

मार्गशीर्षातल्या पुनवेला घरातली माणसं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातात. यंदा भाची गेली नाही. वर भंडाऱ्याची उधळण असते, हवा पिवळी होते, आणि कच्च्या डोळ्याला ती पूड सोसायची नाही. आत्यानं तोंड पाडलं. अक्कानं मात्र भाचीच्या कपाळाला कुंकवाऐवजी टिकली लावली, पूड गळू नये म्हणून, आणि देवीला समजतंय म्हणाली. डोळे चोळायचे नाहीत, झोपताना प्लॅस्टिकची झाकणं चिकटवायची, उन्हात काळा गॉगल. उन्हानं कॉर्नियावर ढगाळ डाग धरू शकतो. कारखान्यात परत गेल्यावरही डॉक्टरांनी ग्राइंडिंगच्या बाजूला काही आठवडे उभं राहायचं नाही असं लिहून दिलं. सेफ्टी गॉगल आहेच, चष्मा गेला म्हणून तो गेला नाही. फक्त आता एकच काच.

रात्रीचं मात्र तिला अजून त्रासाचं आहे. उसाचा हंगाम चालू, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर, कितीकांना मागं दिवा नाही आणि पुढं एकच. समोरच्या दिव्याभोवती तिला प्रकाशाची मोठी वर्तुळं दिसतात, दोन वर्तुळं एकमेकांत मिसळली की रस्त्याची कड हरवते. हे बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं, काहींचं थोडं उरतं. माझं उरलंय. डोळ्यांचा कोरडेपणाही माझ्याकडे राहिला. लॅसिकमध्ये चकती कापताना कॉर्नियातले बारीक मज्जातंतू तुटतात, बहुतेकांचे परत जुळतात, पण मला हिवाळ्यात आजही पर्समध्ये थेंबांची बाटली लागते. हे मी तिला आधीच सांगितलं होतं. तिनं सुपरवायझरशी बोलून काही दिवस सकाळची पाळी मागून घेतली, अंधार पडायच्या आत घरी.

बायोडाटावरून मायलेकींत परत वाजलं. अक्काला चष्म्याचा उल्लेखच नको होता, भाचीला लेसर झालंय हे लिहायचं होतं. "लपवायला मी काय केलंय?" शेवटी तिनं स्वतःच ती ओळ टाकली आणि अक्कानं ती खोडली नाही. मला अक्काची भीती समजते, पण या बाबतीत मी पूर्ण भाचीच्या बाजूची आहे. ज्या घरात ती जाईल तिथंही वर्षातून एकदा तिला पडद्याची तपासणी करून घ्यावी लागणार, डोळ्यातला दाब कुठं मोजला तर आधी सांगावं लागणार, कारण पातळ झालेल्या कॉर्नियावर तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. घरात झाकून ठेवून हे कसं जमेल?

आणि म्हणून ती फाइल. लेसरच्या आधीचा नंबर, कॉर्नियाचा वक्र, जाडी, किती मायक्रॉन काढले, डोळ्याची लांबी. पुढं तीस-चाळीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाचा नंबर ठरवताना हे जुने आकडे फार उपयोगी पडतात. माझी हुबळीची फाइल एका घर बदलण्यात हरवली, दवाखान्यानं जुनी कागदपत्रं ठेवलेली नव्हती, आता माझ्या मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांना दुसऱ्या वाटेनं हिशेब करावा लागेल. भाचीनं सगळ्या पानांचे फोटो काढून मलाही पाठवले. मूळ कागद अक्कानं मागून घेतले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि लोखंडी कपाटात जमिनीच्या उताऱ्यांच्या खाली ठेवले. म्हणाली, "लग्न झाल्यावर हिच्याबरोबर द्यायचे. आठवण कर मला." भाची म्हणाली, "मी नेतो की माझं मी."